विहीणबाईंना मी नको म्हणाले

बाळांनो, तुमच्या आईची आई, जिला तुम्ही याया म्हणता, ती माझी विहीण. तुमच्या आईबाबांचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघी फोनच्या पडद्यावर एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. ती ग्रीसची, तिला इंग्रजी येत नाही, आणि मी जन्मभर शाळेत शिकवलेलं इंग्रजी तिच्यापुढे कुचकामी. मधे दुभाषा तुमचा बाबा. आमची वाक्यं तो निम्म्यात आटोपतो हे मला कळत होतं. म्हणून दिवाळीनंतर मी ग्रीक शिकायला घेतलं.

रोज सकाळी साडेदहाला जेवणाच्या टेबलावर बसायचं, दोन रंगांची पेनं आणि समास आखलेली वही घेऊन. पुण्याची एक मुलगी आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटरवर शिकवते. एके दिवशी तिने तीन क्रियापदं दिली. ‘बोरो’ म्हणजे मला जमतं, ‘प्रेपी’ म्हणजे केलं पाहिजे, ‘थेलो’ म्हणजे मला हवंय. प्रत्येकाची पाच वाक्यं लिहायची होती. प्रेपीची मी चौदा लिहिली. आज पाणी येणार, टाकी भरली पाहिजे. गोळी घेतली पाहिजे. शेंगा भाजल्या पाहिजेत. थेलोचं एकच जमलं: मला चहा हवा.

“आजी, तुम्हाला चहाशिवाय काहीच नको का?” तिने विचारलं.

“या वयात आणखी काय हवं असायचं?” म्हणून मी पान उलटलं.

मार्चमधल्या एका रविवारी याया फोनवर एकटीच होती. तिने हळूहळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं. उन्हाळ्यात मुलं माझ्या घरी असतात, समुद्र जवळ आहे, एक खोली रिकामी आहे, तुला यायचंय का? सगळा प्रश्न मला कुणाच्या मदतीशिवाय समजला. मला केवढा आनंद झाला. आणि मी म्हणाले, “ओही, ओही.” म्हणजे नको, नको. वर आभारही मानले.

आपल्याकडे पहिल्याच विचारण्याला हो कोण म्हणतं? आधी नको म्हणायचं, मग कशाला उगाच त्रास म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचं. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिले. याया बरं म्हणाली आणि तिच्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलू लागली.

पुढच्या रविवारी तुमचा बाबा म्हणाला, “आई, तू नको म्हणालीस ना? सासूबाईंनी खोली त्यांच्या बहिणीला दिली, ती राहायलाही आली.” त्याच्या खांद्यावर धाकटी झोपली होती. तिला मी अजून एकदाही हातात घेतलेलं नव्हतं.

दोन दिवस मी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण कढीपत्ता न्यायला आली. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मात्र ती आपल्या सोलापुरी मराठीत भांडते. तिला मी सगळं सांगितलं.

“काकू, तुमी नको म्हणलात की. मग ती परत कशाला विचारील?”

“आग्रह करायला नको?”

“आमच्याकडं आलात तरी तीनदा विचारल्याबिगर तुमी इडलीला हात लावत न्हाई. मला सवय झालीय. त्या बाईला कुटनं असणार? जायचंय का न्हाई तेवढं सांगा.”

“जायचंय.”

“मग मला काय सांगता? तिला सांगा की.”

त्या दुपारी मी वाक्य वहीत लिहिलं, चार वेळा मोठ्याने म्हटलं आणि स्वतः फोन लावला. “थेलो ना एर्थो,” मी म्हणाले. मला यायचंय. जन्मात कुणाच्या घरी मी असं मागून घेतलं नव्हतं.

फोन हातात घेऊन याया जिना चढली आणि तिने एक दार उघडलं. आत तिची बहीण कपाट लावत होती. दोघींचं भराभर काहीतरी बोलणं झालं. बहिणीने कपड्यांचा गठ्ठा उचलला, मला हात केला आणि गठ्ठा शेजारी यायाच्या खोलीत नेला.

नको हो, त्यांना कशाला हलवता, मी बाहेरच्या खोलीतही झोपेन, असं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण एवढं बोलण्याइतकं ग्रीक मला येत नव्हतं. यायाने खिडकी उघडून दाखवली ती मी बघत राहिले.