सिस्टरांचा माळ

हॉस्पिटलातली नोकरी संपली तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डात त्यांचा दरारा असा, की पेशंट कण्हायचे तेसुद्धा बेताने. निवृत्तीनंतर हा दरारा घरातच खर्च व्हायला लागला आणि सून आठवड्यात जेरीस आली. "आई, जरा पाय मोकळे करून या ना," ती गोड आवाजात म्हणाली. सिस्टर घरामागच्या टेकडीवर गेल्या.

टेकडी घाणेरीने गिळली होती. सिस्टरांच्या लहानपणी तिथे गुडघाभर गवताचा माळ होता. कधीकाळी कुणीतरी बंगल्याच्या कुंपणाला शोभेचं झुडूप म्हणून घाणेरी आणली. फुलं रंगीत, म्हणून कुणी हटकलं नाही. आता एकात एक गुंतलेल्या काट्यांतून कुत्रंही आत शिरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर कोयता घेऊन गेल्या आणि कापत सुटल्या.

त्यांच्याच हॉस्पिटलातले निवृत्त कंपाउंडर तिथे फिरायला येत. बायको गेल्यापासून एकटेच असत. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सिस्टर, वरून जखम शिवली आणि आत पू राहिला तर काय होतं?"

"माहीत आहे ना? मग कुदळ घेऊन या."

ते खरंच घेऊन आले. मग वर्षानुवर्षं दोघं खपले. गड्डा मुळासकट उपटायचा आणि दगडावर उलटा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा जमीन धरत नाही. हात ओरबाडून निघत. येणारे-जाणारे हसत, "टेकडीचं ऑपरेशन कुठवर आलं?" सिस्टर म्हणत, "पेशंट बरा आहे, नातेवाईकांचाच त्रास."

हळूहळू गवत परतलं. चंडोल आले. एका टिटवीने उघड्यावर अंडी घातली, तेव्हा कंपाउंडरांनी कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दगड मांडले आणि दिवसभर कुजबुजत बोलले.

सिस्टरांच्या मुलाची रोपवाटिका होती. ती कशीबशी चालत होती. एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, नगरपालिकेकडून टेकडीचं काम मला मिळालं. सुबाभूळ लावायची. भराभर वाढते."

"तिथे गवत आहे."

"गवतच ना? सरकारी कागदावर ती पडीक जमीन आहे. मोकळी दिसली की उद्या कुणीतरी प्लॉट पाडेल. झाडं असली की हात लावणार नाहीत."

"सुबाभूळ बी टाकत सुटते. एक घाणेरी काढून दुसरी लावणार?"

"तू साफ करून ठेवलीस म्हणून तर हे काम जमलं," तो कौतुकाने म्हणाला. सिस्टरांनी ताट बाजूला सारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी माळावर खड्डे तयार होते. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. नगराध्यक्षांनी भाषणात सिस्टरांची स्तुती केली आणि पहिलं रोप त्यांच्याच हाती दिलं. शेजारी मुलगा उभा होता. लहानपणी काही मोडलं की आई ओरडेल म्हणून त्याचा चेहरा असाच कावराबावरा व्हायचा. भल्या भल्या डॉक्टरांना झाडणाऱ्या सिस्टर वाकल्या, रोप लावलं, माती दाबली. टाळ्या वाजल्या.

कंपाउंडर मागे उभे होते. उतरताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कुणी लावलं असतं तर मी भांडलो असतो." त्यानंतर ते टेकडीवर आले नाहीत. रस्त्यात भेटले की मान हलवून पुढे जात.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पुन्हा वर गेल्या आणि आपण लावलेलं रोप उपटलं. दुसऱ्याला हात घालणार तोच रखवालदार धावत आला.

"मावशी, नको. साहेबांनी कुणालाही हात लावू देऊ नका म्हणून सांगितलंय."

"तुझा साहेब माझा मुलगा आहे."

"हो," तो खाली बघत म्हणाला. "त्यांनी तुमचं नाव घेऊनच सांगितलंय."

झाडं भराभर वाढली. सावलीत गवत मेलं, पाखरं गेली. शेंगा तडकून बी उतारावरून खाली आलं आणि गटारांच्या कडेला, भिंतींच्या फटींत रोपं उगवली. मात्र प्लॉट पडले नाहीत. तेवढं मुलाचं खरं झालं आणि तो ते सगळ्यांना सांगतो. त्याला आणखी दोन टेकड्यांचं काम मिळालं.

सिस्टर आता हॉस्पिटलाजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. भांडण असं झालंच नाही. त्यांनी बॅग भरली, सुनेने दारापर्यंत आणून दिली. रविवारी मुलगा फळं घेऊन येतो. त्या चहा करतात, नातीच्या अभ्यासाचं विचारतात. मध्यंतरी तो म्हणाला, "एकदा टेकडीवर चल की. सावली मस्त झालीये."

"गुडघे दुखतात रे," सिस्टर म्हणाल्या.

गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्याने पुढच्या रविवारी मलम आणून दिलं.