चमचाभर साखरेचा पुरावा

ती घटना आठवली की आजही मला आधी साखर आठवते. पोलीस खात्यात आयुष्य गेलं, खून-दरोडे पाहिले. पण घरची मंडळी जमली की फर्माईश होते ती याच तपासाची, कारण त्यात माझी फजिती आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती सवय अजून सुटलेली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं सौदीत, हुफूफला मुलीकडे राहायला गेलो होतो. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्या इमारतीखाली, लाँड्रीला लागून, एक छोटं मेक्सिकन हॉटेल होतं. दारावर पाटी होती, 'आमचे शेफ खास मेक्सिकोचे'. नातीला तिथले टॅको जीव की प्राण. मला ती पोळीत गुंडाळलेली उसळ वाटायची, म्हणून एका शुक्रवारी हिने पर्समधून लसणीच्या चटणीचा स्टीलचा डबा नेला.

"आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" नात टेबलाखाली शिरायची बाकी होती.

निघताना डबा तिथेच राहिला. पुढच्या शुक्रवारी वेटरने तो आणून दिला, घासूनपुसून लख्ख. हिने झाकण काढलं. आत चमचाभर साखर.

"अहो," ही हळूच म्हणाली, "आत आपलं माणूस आहे."

"कशावरून?"

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे इथे आणखी कुणाला सुचणार? काय तपास करत होतात हो तुम्ही इतकी वर्षं?"

खबर पक्की होती, खबरी घरचाच. मी वेटरची चौकशी केली. तो फिलिपिनो.

"डबा कुणी घासला?"

"शेफ, सर."

"शेफ कुठला?"

"मेक्सिको, सर."

जबाबात विसंगती नव्हती. मग मी आभार मानायच्या निमित्ताने शेफलाच बाहेर बोलावलं. तेवढ्यात मगरिबची, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाची, अजान झाली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे मालकाने शटर अर्धं ओढलं. आत आम्ही आणि शेजारच्या टेबलावर एक वयस्क सौदी गृहस्थ. दर शुक्रवारचं गिऱ्हाईक.

शेफ आला. भरघोस मिशा, गळ्यात लाल रुमाल.

"हिंदी?" मी विचारलं.

"नो, सेन्योर."

मी माझी ठाण्यातली नजर लावली. या नजरेपुढे सराईत पाकीटमारांना घाम फुटलेला आहे. शेफ शांतपणे बशा उचलत राहिला. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?"

तेवढ्यात ही त्याच्याकडे न बघताच पुटपुटली, "त्या दिवशी चटणी जरा खारटच झाली होती."

"छे हो वहिनी, फक्कड होती! आमच्या आईच्या हातची..."

आणि त्याने जीभ चावली.

गुन्हा उघडकीस आला होता. मी अशा ऐटीत मान डोलावली, जणू सापळा मीच लावला होता. मग त्याचा चेहरा पाहिला आणि ऐट उतरली. पोरंबाळं आठवणाऱ्या माणसाचा असा चेहरा मी टेबलापलीकडे अनेकदा पाहिला होता.

बशा गोळा करता करता तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी दापोलीकडचा. जहाजावर एका मेक्सिकन कुकच्या हाताखाली शिकलो. जेवण अस्सल तिकडचं आहे, त्यात लबाडी नाही. पण मालकाने गिऱ्हाइकांना मीही तिकडचाच असं सांगितलंय. कळलं तर नोकरी खलास. धाकटी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"तुम्ही दोघं कुठल्या भाषेत बोलताय?" शेजारच्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं.

गल्ल्यावर मालकाचा हात थांबला.

"स्पॅनिश," मी म्हणालो. खोट्या साक्षीदारांना जन्मभर झापत आलेला माणूस मी!

"वा! आणखी थोडं बोला ना."

आता माघार नव्हती. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालो, "घाबरू नका. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार नाही. पोरीला शिकू दे."

शेफ कमरेत वाकला. "फार उपकार झाले, साहेब."

"माशाल्ला!" गृहस्थ खूश झाले. "काय गोड भाषा आहे!"

हिने ओढणी तोंडात कोंबली होती.

गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, असं झालं की आम्ही 'अ' समरीचा अहवाल पाठवून तपास बंद करतो. या प्रकरणात मी मनातल्या मनात तेच केलं. नोकरीत माझी समजूत होती की माणूस खरं बोलला की आपलं काम संपलं. त्याच्या खरं बोलण्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला कधी फारसा पडलाच नव्हता. तो निवृत्तीनंतर, टॅको खाताना पडला. बाकी सराईतपणाचं म्हणाल, तर त्या माणसाने नाव, गाव, देश सगळं लपवलं होतं. डबा रिकामा पाठवणं मात्र त्याला जमलं नाही.

पुढे आम्ही तिथे होतो तोवर दर शुक्रवारी डबा जात राहिला. चटणी जायची, साखर यायची. मुद्देमाल नात फस्त करायची. परतताना डबा तिथेच ठेवून आलो.

मागच्या महिन्यात मुलगी सुट्टीवर आली. तिच्या बॅगेतून तो डबा निघाला. हिने झाकण काढलं. या वेळी साखर नव्हती. दूध पावडरचे, जरा वेडेवाकडे वळलेले, पेढे होते.