मागं कोणी नसताना आरसा काळा पडला

आधीच सांगून टाकतो, असले किस्से मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, घाटात लिफ्ट मागणारी बाई... दुकानात चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचो आणि पोट धरून हसायचो. माझा धंदा ऑटो-इलेक्ट्रिकचा, चंद्रपुरात. आमच्या धंद्यात भूत एकच — लूज कनेक्शन. त्यामुळे हे मी लिहितोय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

किस्सा आरशाचा आहे, म्हणून आधी आरसा समजून घ्या. नाहीतर म्हणाल, सलीमभाई फेकून राह्यले.

महागड्या गाड्यांत आत मधोमध जो आरसा असतो ना, तो रात्री मागच्या गाडीचा झोत पडला की आपोआप निळाकाळा होतो, म्हणजे तुमचे डोळे दिपत नाहीत. त्यात जादू काही नाही. दोन काचा, मध्ये जेलचा पातळ थर, आणि दोन बारीक डोळे, म्हणजे सेन्सर. एक डोळा समोर बघतो, बाहेर दिवस आहे की अंधार ते कळायला. दुसरा मागं बघतो, पाठीमागून झोत येतोय का ते कळायला. समोर अंधार आणि मागून उजेड, असं दोन्ही जुळलं की जेलमधून बारीकसा करंट जातो आणि जेल काळवंडतं. झोत गेला की करंट बंद, आरसा पुन्हा साफ. समोर उजेड असला तर तो हलतच नाही, ढिम्म!

बिघडतो कसा? एक तर आमच्या चंद्रपूरचा मे महिना. बंद गाडी उन्हात उभी राहिली की जेलला बुडबुडे येतात, कडेनं गळायला लागतं, आरशावर डाग पडतात. नाहीतर वायर सैल होते. पण सगळ्यात जास्त बिघाड आपल्याच हातचे. मूल गावचा एक राइस मिलवाला घाबराघुबरा होऊन आला होता. भरदुपारी आरसा काळा होते म्हणे, गाडीत काहीतरी शिरलं! पाहतो तर भाऊनं आरशाच्या दांडीला लिंबू-मिरची लटकवलेली, नेमकी समोरच्या सेन्सरवर. आरशाला वाटायचं, रात्र झाली. मी लिंबू तोडून त्याच्या हातात दिलं, म्हटलं, "घ्या तुमचं भूत!" हा किस्सा मी महिनाभर सांगत होतो.

असाच एक आरसा, स्क्रॅपमधल्या टॉप मॉडेलचा, मी माझ्या जुन्या गाडीत बसवला. त्याला मी काहीच लटकवू देत नाही. शबानानं — माझ्या बायकोनं — एकदा तसबीह, म्हणजे जपमाळ, अडकवली होती, तर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

आता अब्बा. अब्बांनी उभी हयात एसटीची लाल गाडी चालवली, चंद्रपूर-मूल-गडचिरोली. घरी आम्ही हिंदी बोलतो, पण गाडीत बसले की अब्बा मराठीवर यायचे. प्रवाशांशी भांडण्यात जन्म गेला ना! मी चालवत असलो की शेजारी बसून एकच पालुपद, "साइड दे ना बे त्याले." कारण मी कोणाला साइड देत नाही. खोड आहे माझी. हॉर्न मारा, डिपर मारा, मी आपला मधोमध.

मग त्यांना काचबिंदू झाला. कळेपर्यंत उशीर झाला होता. ऑपरेशन केलं, त्याचाही उपयोग झाला नाही. आधी कडेचं दिसेना, मग मधलं, शेवटी उजेड-अंधारसुद्धा कळेना. हे सगळ्यात वाईट. अब्बा मध्यरात्रीच उठून पहाटेच्या नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून बसायचे आणि विचारायचे, "फजर हुई क्या?" नाही म्हटलं की मुकाट आडवे व्हायचे. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं तुटलं, मराठी तर बंदच. एकदा शबानाला एवढंच म्हणाले, "बेटा, लोग कब्र में एक बार जाते हैं... मैं रोज़ उसी में उठता हूँ." त्या दिवसापासून मला धास्ती बसली की अब्बा आता हातातून चालले.

गेल्या दिवाळीनंतर मूलहून देवाजीकाकांचा फोन आला. हे अब्बांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. "धान निघालं. नव्या तांदळाचा भात खायले भाऊले घेऊन ये. नाई आणला तं मी येऊन उचलून नेतो." अब्बा नको नको म्हणत होते, मी जवळपास कोंबलंच त्यांना गाडीत. काकांकडे चार घास खाल्ले, पण तोंडातून शब्द नाही. काका एकटेच जुन्या गोष्टी सांगत राहिले.

संध्याकाळी परत निघालो. अब्बा माझ्या डावीकडे, शबाना मागं. चिचपल्लीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी जंगल. सूर्य नुकताच बुडालेला, आणि तोही आमच्या अगदी समोर, सगळं आभाळ केशरी. हे लक्षात ठेवा. उजेड समोर होता, मागं अंधारून येत होतं. अशा वेळी तो आरसा काळा पडूच शकत नाही.

अब्बा एकदम बोलले. मराठीत.

"साइड दे ना बे त्याले."

मला वाटलं, झोपेत बडबडले. म्हटलं, "अब्बा, पीछे कोई नहीं है."

"अरे, कवाचा डिपर मारून राह्यला तो! दिसत नाई का तुले?"

दिसत नाही का तुला... हे अब्बा मला विचारत होते!

मी आरशात पाहिलं. आरसा पुरता काळा पडला होता, ट्रक पाठीला टेकला की होतो तसा. बाहेरच्या दोन्ही आरशांत रस्ता रिकामा. "शबाना, पीछे देख!" मी ओरडलो. ती वळून मागच्या काचेतून बघत म्हणाली, "कुछ नहीं है जी, रास्ता खाली है." पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मी गाडी डावीकडे कच्च्यावर उतरवून थांबवली. जन्मात पहिल्यांदा साइड दिली, आणि कोणाला दिली तेच ठाऊक नाही.

अब्बांची मान हलायला लागली. आधी आरशाकडे, मग माझ्या खिडकीकडे, मग हळूहळू समोर... काहीतरी आमच्या उजवीकडून पुढं जातंय आणि ते बघतायत, अगदी तशी. इंजिनाचा आवाज नाही, वारा नाही, धूळ नाही. रस्त्याच्या कडेला वानरांची टोळी बसली होती. तीही आमच्याकडे बघत नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच वेळी, सावकाश, आमच्या मागून पुढं वळली. अब्बांनी उजवा हात कपाळापर्यंत उचलला, समोरून ओळखीचा ड्रायव्हर आला की करायचे तसा. हात खाली आला आणि आरसा साफ झाला.

"कोन गेला, अब्बा?" मीही मराठीतच विचारलं.

"मानूस नाई रे. उजेड." त्यांनी चाचपत माझा हात धरला. "उजेड दिसला मले, सलीम. धान कापाच्या आधी बांधीत सकाळचं ऊन पडते नाई का... तसा. काई घाई नाई त्याले. आरामात गेला."

मग ते रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली? शबाना मागून आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून बसून राहिली. खूप वेळ आम्ही तिथंच होतो. मी गाडी सुरू केली तेव्हा आभाळातलं केशरी पुरतं विझलं होतं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडल्या उघडल्या आरसा उतरवला. खरं सांगतो, तो बिघडलेला निघावा म्हणून मी अल्लाकडे मागत होतो. बिघाड सापडला असता तर मी सुटलो असतो. समोरचा सेन्सर अंगठ्यानं झाकला, मागच्यावर टॉर्च मारला... काळा. टॉर्च काढला, साफ. अंगठा काढून टॉर्च मारला, ढिम्म. जेल ठीक, वायर ठीक, करंट ठीक. त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला नंतर कितीदा तरी गेलो. एकदाही काही झालं नाही.

अब्बांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मनात आशा होती, कशाला खोटं बोलू? बाईंनी दोन्ही डोळ्यांवर टॉर्च धरून विचारलं, "बाबा, काही उजेड जाणवतो का?"

"नाई बाई," अब्बा म्हणाले. "हा नाई दिसत."

"हा" म्हणाले... ऐकलंत ना? बाईंनी मान हलवली. आता काही होणार नाही, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. माझं तोंड उतरलं. अब्बा मात्र परत येताना वरोऱ्याला गाडी थांबवायला लावून दोन प्लेट भजी हाणून मोकळे झाले!

आता ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याशी मराठीत वाद घालतात. मध्यरात्री उठून फजर विचारणं थांबलं. एकदा मी हिंमत करून विचारलं, "अब्बा, परत दिसंल का तो?"

"त्याले यायचं तवा येईल. तू फक्त रस्ता नको अडवू."

तर हे असं आहे. तो आरसा अजून त्याच गाडीत आहे, ठणठणीत. कोणाला काही उलगडा होत असेल तर जरूर कळवा, पण लिंबू-मिरची सोडून दुसरं काही सांगा, ते माझं तपासून झालंय. मला विचाराल तर... मला नाही माहीत. एवढंच सांगतो, मी आता रस्त्याच्या मधोमध चालवत नाही. मागं कोणी नसलं तरी उजवी बाजू मोकळी सोडतो.