खंडेनवमीची विश्रांती

वसुमती सावेला पहिला कॉम्प्युटर भेटला तो कुलूपबंद अवस्थेत.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. तलासरीच्या ज्या शाळेत ती गणित शिकवायची तिथे सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी प्रयोगशाळेची अर्धी खोली रिकामी झाली, खिडक्यांना हिरवे पडदे लागले, चपला बाहेर काढायची पाटी आली, आणि मग तो बिघडू नये म्हणून कधीच चालू करायचा नाही असं सर्वानुमते ठरलं. गणिताच्या बाई म्हणून किल्ली वसुमतीकडे. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आत जायची, दार लोटायची आणि एखाद्या दिवशी धीर करून बटण दाबायची. काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत राहायची. हे आपल्याला काहीतरी विचारतंय आणि उत्तराची त्याला घाई नाही, असं तिला वाटायचं. घाई नसलेला एवढा एकच जीव त्या शाळेत होता. पुढे एका पावसाळ्यात ओल लागून तो गेला. तपासणीत त्याच्यापुढे ‘न वापरल्याने सुस्थितीत’ असा शेरा पडला.

ती रेघ मात्र वसुमतीच्या डोक्यात लुकलुकत राहिली. मसोलीला घरी चिकूच्या झाडाखाली कपडे वाळत घालताना, फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढताना. लग्नाचं जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं, आई गेली, अप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि घर गाडीसारखं वेळेवर चालवू लागले. बाई दिसतात समोर पण असतात दुसरीकडेच, असं वर्गातली मुलं म्हणायची. मुलांचं निरीक्षण चांगलं होतं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात तिच्या बहिणीचा परेश सिंगापूरहून आला आणि त्याने चष्म्याच्या घरापेक्षा जरासं मोठं असं काहीतरी तिच्या हातात ठेवलं. शिंपल्यासारखं उघडायचं. आत इवलीशी बटणं आणि करडा पडदा.

“मावशी, हा कॉम्प्युटर तुला. माझ्यासाठी जुना झाला.”

“कधी घेतलास?”

“झाली की दोन वर्षं.”

सावेंच्या घरात चार वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं प्लास्टिक अजून निघायचं होतं.

मिळालेल्या यंत्रावर पत्ते आणि वाढदिवस लिहून ती समाधानी राहिली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण डहाणू रोडला मिठाईच्या दुकानावर दिपकचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे तिने एका मासिकात लिनक्सबद्दल वाचलं. जगभरच्या लोकांनी पगार न घेता बांधलेली प्रणाली. कुणीही उघडावी, आत काय आहे बघावं, हवी तशी बदलावी. कुणा हौशी मंडळींनी ती अशा तळहातावरच्या यंत्रांतही कोंबून बसवली होती.

“फुकट आहे ना बाई? मग काहीतरी खोट असणार,” दिपक म्हणाला. त्याच्याकडच्या विंडोजचे त्यानेही कधी पैसे दिले नव्हते, पण तो मुद्दा वेगळा.

परेशने सिंगापूरहून पाठवलेल्या फ्लॉप्या, दिपकचा कॉम्प्युटर, एक वायर आणि बरेचसे रविवार खर्ची पडले. अखेर करड्या पडद्यावर काळ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या, थांबल्या, आणि खाली एक रेघ लुकलुकू लागली. तीच. यंत्राने तिचं नाव विचारलं. वसुमतीने ते सांगितलं, पण इंग्रजीत सांगावं लागलं, आणि आपल्याच माणसाशी परक्या भाषेत बोलल्यासारखं तिला अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या कुठल्या यंत्रात हे निमूट सोसावं लागलं असतं. इथे तर आत शिरून अक्षरंच बदलायची मुभा होती.

मग ती अक्षरं काढू लागली.

प्रत्येक अक्षर आठ बाय सोळा ठिपक्यांत बसवायचं. कुठला ठिपका काळा, कुठला कोरा, हे एकेक ठरवायचं. ठिपक्यांच्या रांगोळीचंच काम, फक्त गुडघे दुखत नाहीत. हे ती करायची एसटीत, डहाणूहून तलासरीला जाता-येता, मांडीवर ते शिंपल्याएवढं यंत्र उघडून. श्रावणातलं ऊन-सावलीचं चालू असायचं. आशागडला भाताच्या पाण्यात एक पाय मुडपून बगळा उभा दिसला आणि तिचा ‘ट’ सुटला. चारोटीच्या नाक्यावर ट्रकांमागे बस अडकून पडली की ‘क’चा पोटफुगा गोल निघायचा, हायवेला गाडी लागली की अक्षरंही जरा पुढे कलायची. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका ढगातून वर यायचा, परत बुडायचा. कधी कधी तिला कळायचं नाही की बस चाललीय की आपण बसलेल्या जागी अख्खा तालुका मागे सरकवला जातोय. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसायला तयार नव्हत्या; त्या शेजारच्या घरात बसायच्या, आरक्षण असल्यासारख्या. वसुमतीने त्यांना बसू दिलं.

कंडक्टर लहान्या तलासरीचाच. पहिले काही दिवस तो तिकीट फाडताना नुसता वाकून बघायचा. मग विचारू लागला.

“बाई, आज कुठलं?”

“ध.”

“धानिवरीपर्यंत होईल.”

व्हायचंही.

एक धास्ती होती. यंत्रातल्या चिमुकल्या कार्डावर लिनक्स मावलं होतं, आणखी काही मावत नव्हतं. अक्षरं होती ती नुसती यंत्राच्या स्मरणात, आणि स्मरण जिवंत होतं दोन पेन्सिल सेलवर. ते बदलताना मधला क्षण सांभाळायला कोपऱ्यात घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल. तिन्ही एकदम निघाले की सगळं पुसलं जाणार. म्हणून दर रविवारी दिपककडे जाऊन अक्षरं त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची असं तिने ठरवलं, आणि नेमकी तेव्हाच वीज पडून दिपकचा कॉम्प्युटर वापीला दुरुस्तीला गेला.

“दिवाळीपर्यंत येईल, बाई.”

“तोवर माझी अक्षरं याच्या जिवावर.”

“सेल चांगल्या कंपनीचे घाला,” दिपकने सल्ला दिला.

घरी अप्पांना ती यंत्राच्या गमती सांगायची. “मिटवलं तरी ते झोपत नाही, अप्पा. आत जागंच असतं. सगळं आठवत बसलेलं असतं.” अप्पांनी मान डोलावली. सावे गार्डांनी उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात जागून काढला होता. जागं राहणाऱ्याबद्दल त्यांना आदर होता आणि काळजीही.

खंडेनवमी आली. अप्पांच्या घरी ह्या दिवशी हत्यारं-यंत्रं पुसून पाटावर मांडायची, त्यांना गंध-फूल वाहायचं आणि दिवसभर त्यांना कामाला लावायचं नाही. विळीसुद्धा आडवी. आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवलेली. पाटावर अप्पांची शिट्टी, रिटायर होताना जमा करायची राहून गेलेली हिरवी झेंडी, टॉर्च, आईचं शिलाई मशीन.

“तुझं ते ठेवतेस ना पूजेला?” अप्पांनी सकाळी विचारलं.

वसुमतीला बरंच वाटलं. अप्पांनी यंत्राला घरात घेतलं म्हणायचं. तिने ते मिटवून पाटावर शिट्टीशेजारी ठेवलं आणि शाळेत सरस्वतीपूजनाला गेली. बसमध्ये हात रिकामे होते. भात पिवळं पडू लागलं होतं, वाऱ्याबरोबर ते अख्खं शेत एका बाजूला वळायचं आणि परत वळायचं. फक्त ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि दोन-तीन आकडे राहिले होते. त्या दिवशी तिने लहान्याला पेढा दिला.

दुपारी परतली तर पाटावर झेंडूच्या पाकळ्यांत तिचं यंत्र उलटं निजवलेलं, पोटाचं झाकण काढलेलं. शेजारी ओळीत टॉर्चचे सेल, दोन पेन्सिल सेल आणि एक चपटा. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट.

“टॉर्चचे काढले, मग याचेही काढले,” अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. “तो बारका काही केल्या निघेना. शेवटी नेलकटरने काढला. सगळ्यांना सुट्टी, आणि ते बिचारं आतल्या आत जागं. बरं दिसतं का?”

वसुमती पाटासमोर बसली. चपट्या सेलवरचं कुंकू पदराने पुसलं.

“आज नको लावू गं. उद्या लाव. नेम मोडू नये.”

“हो, अप्पा.”

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर तिने सेल घातले. ओळी सरकल्या, थांबल्या, यंत्राने तिचं नाव विचारलं. इंग्रजीत.

“चाललं ना?” अप्पांनी विचारलं. “झोप झाली त्याची?”

“झाली. अगदी ताजंतवानं झालंय.”

यात खोटं काही नव्हतं. ते इतकं ताजंतवानं झालं होतं की त्याला काहीच आठवत नव्हतं. आणि अप्पा एवढे समाधानाने झोपाळ्याला पाय देत होते की पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

सुट्टीनंतर बसमध्ये लहान्या आला.

“आज कुठलं, बाई?”

“अ.”

लहान्याने तिकीट फाडायचं थांबवलं. “अ तर पावसात झाला होता.”

“हो.”

“गेली काय?”

“गेली.”

पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर त्याने तिकिटांच्या ट्रेने टकटक केली. “देवजी, आज जरा हळू घे रे.” देवजीने हळू घेतली, म्हणजे नेहमीइतकीच घेतली, पण शिव्या न देता.

बगळा आशागडला नव्हता. पाणीच आटलं होतं. वसुमतीने ‘ट’ आठवून काढला, तो बगळ्यासारखा न होता नुसता ‘ट’ झाला. काही अक्षरं मात्र पहिल्यापेक्षा बरी उतरली. ऑक्टोबरच्या उन्हात रस्ता, गवत, चारोटीची हॉटेलं, सगळं एका सोनेरी पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं, आणि त्या पाण्यातून ती एकेक अक्षर वर ओढून घ्यायची.

एका संध्याकाळी झोपाळ्यावर ती ठिपके भरत असताना अप्पा चहा घेऊन मागे उभे राहिले.

“हा ‘ग’ मला तू गणपतीत दाखवला होतास.”

“सुधारतेय.”

अप्पांनी पडद्यावरची यादी बघितली. फार छोटी होती. डबा सुटला असेल तर गार्डाला गाडीच्या आवाजावरून कळतं. विचारावं लागत नाही. त्यांची नजर सेलच्या झाकणावर गेली. मग चहा तिच्या हातात देऊन शेजारी बसले.

“सांग. पुढची ओळ.”

“दुसरा काळा, तिसरा काळा, मग चार कोरे, शेवटचा काळा.”

“दुसरा, तिसरा काळा. चार कोरे, शेवटचा काळा,” अप्पांनी ड्यूटीवरच्या आवाजात उलट म्हणून दाखवलं. पूर्ण ओळ जुळल्याशिवाय ते पुढे सोडेनात. चुकीबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. रेल्वेत माफी मागायची पद्धत नव्हती. स्पष्टीकरण लेखी द्यावं लागे.

दिवाळीत दिपकचा कॉम्प्युटर आला आणि अक्षरं त्यावर आणि वर एका फ्लॉपीवर उतरली. घरी येऊन वसुमतीने यंत्र अप्पांपुढे धरलं. “पहिलं वाक्य तुम्ही लिहा.”

अप्पांनी चष्मा लावला. एका बोटाने, प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटल्याची खात्री करत, त्यांनी लिहिलं:

सेल काढू नये.

मग थोडं मागे सरून वाचलं. खाली सही करायची सोय नाही हे बघून त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

“हे दर वेळी चालू करताना आधी दिसेल, असं करता येतं का गं?”

“येतं,” वसुमती म्हणाली, आणि अप्पा चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसले.