रंगाचा बाहेरचा हात

कुठलाही पत्रा दिसला की आबा खिशातून छोटी हातोडी काढायचे, टक् टक् वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे. बसस्टॉपची शेड, लग्नातला पाण्याचा टँकर, माझ्या स्कूटरचं मडगार्ड, काहीही. मग निकाल द्यायचे. पत्रा शाबूत असला तर "धरलाय." गंजला असला तर, "सोड, गेलाय ह्यो."

मावळातल्या नवलाख उंबरे गावी आमच्या कारखान्यात पाण्याच्या लोखंडी टाक्या बनायच्या. आबा वेल्डर, मी रंगारी. टाकी तयार झाली की आतून काठोकाठ पाणी भरायचं. बाहेर थेंब आला नाही की पास. मग ती रिकामी करून आतून जाड रंगाचे तीन हात द्यायचे, कारण पाणी आत राहणार. बाहेरून दिसण्यापुरता एक. वर्षानुवर्षं हेच केलं की ते अंगात किती मुरतं, ते पुढे कळेलच तुम्हाला.

आबा जवळच्याच टाकव्याचे. त्यांच्या बायकोला, आमच्या मावशींना, दमा. दिवाळी सरली, मावळात धुकं उतरायला लागलं की शिमग्यापर्यंत त्यांना आडवं होता यायचं नाही. भिंतीला टेकून बसायचं आणि श्वास ओढायचा. आबाही शेजारी बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही तरी झोपा." तर माझ्यावरच डाफरले. "ती बसल्याली असताना म्या आडवं व्हायाचं व्हय?"

एका थंडीत ते दोघं रेवदंड्याला भाचीकडे गेले. भाचीच्या नवऱ्याची मासेमारीची होडी होती. तिच्यातून खाडीत चक्कर मारताना मावशी जाळ्यांच्या ढिगावर कलंडल्या आणि चक्क घोरायला लागल्या. आबांनी होडी किनाऱ्याला लावूच दिली नाही.

"पान्यावर धूळ न्हाई, चुलीचा धूर न्हाई," परत आल्यावर ते मला सांगत होते. "थंडीभर हिला तितंच ठिवायची."

"मग भाचीकडेच राहा की."

आतून मावशी म्हणाल्या, "दोन खोल्या तिच्या. माझ्या खोकल्यानं लेकरं जागी राहत्यात. लोकाच्या घरात किती खोकायचं माणसानं?"

निवृत्त झाल्यावर आबांनी शेतात पत्र्याची बोट बांधायला घेतली. वर एक खोली, खोलीत मावशींच्या मापाचा बाक. बोट झाली आणि त्यांनी विहिरीची मोटर लावून ती आतून पाण्यानं भरली. सगळं गाव हसायला जमलं. आबा शांत. "पानी आतनं जाऊ द्या न्हाईतर बाह्येरनं येऊ द्या. भोक त्येच." थेंबही आला नाही. हसायला आलेले पांगले.

चूक रंगात झाली, आणि रंग माझा होता. मी जीव लावून आतून तीन हात दिले. बाहेरून एक, निळा, सुंदर. आबांनी मान डोलावली. दोघांच्याही डोक्यात आलं नाही की या टाकीचं पाणी बाहेर असणार आहे, आणि तेही खारं.

बोरघाटातून ट्रेलरवर बोट खाली रेवदंड्याला गेली. भाचीच्या नवऱ्याकडून आबा इंजिन आणि भरती-ओहोटी शिकले. दोन हिवाळे ते दोघं त्या बोटीत राहिले. किनारा धरून, खाडीखाडीत मुक्काम करत पार दाभोळपर्यंत. सकाळी मी कंपनीच्या बसची वाट बघत कुडकुडत असायचो तेव्हा आबांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आडवी झोपली." एवढं सांगून फोन बंद. माझा दिवस चांगला जायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली. आबांनी तळाला हातोडी मारली आणि ती आरपार गेली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पावसाळा संपल्यावर तिथेच राहून तळाला नवे पत्रे जोडले आणि मला फोन केला. "आता बाह्येरनं तीन हात दे. तुज्याच हातनं."

मी म्हटलं, येत्या रविवारी येतो. कारखान्यात माल पाठवायची घाई होती, ते खरंच. पण माझी चूक मला बघायची नव्हती, तेही खरं. असे चार रविवार गेले. थंडी लवकर पडली, मावशी टाकव्याला अडकल्या. मग आबांचे फोन टाकव्याहून येऊ लागले. "बसून हाय." दुसऱ्या दिवशी तेच. भाची म्हणाली, इथला रंगारी लावते. आबा म्हणाले, "रंगाचं काम त्याचं हाय. येईल त्यो."

पाचव्या रविवारी मी रंगाचे डबे घेऊन निघालो, तेव्हा शनिवारीच मावशी गेल्याचं कळलं. गेल्या त्या भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच.

तेराव्यानंतर रंग दिला. तीन सांगितले होते, मी पाच हात दिले. आबा वाळूत बसून बघत होते. मग एकटेच बोट घेऊन गेले. सकाळचे फोन थांबले. मी केले तर उचलायचे नाहीत.

माघात मी न राहवून रेवदंड्याला गेलो. बोट खाडीत उभी होती. भाचीच्या नवऱ्यानं मला होडीतून तिथे सोडलं. दुपारची वेळ. बाकावर मावशींची गोधडी घडी घालून ठेवलेली, बाक मोकळा. आबा खाली पत्र्याला टेकून, बसून झोपले होते. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली.

"आबा, बाकावर आडवे व्हा की."

"जमत न्हाई रं आता."

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, मी वेळेवर आलो असतो तर... आबांनी खिशातून हातोडी काढून माझ्या हातात दिली.

"वाजव."

मी तळावर वाजवली. टक् टक्. आबांनी कान लावला. कारखान्यात देत तसाच निकाल दिला, खरंच खूश होऊन.

"लय चांगला धरलाय रंग."

मी बाकावरच्या गोधडीकडे बघू शकलो नाही.