सिस्टरांचे सांगाडे

सिस्टर अपडेटच्या नोंदी कागदावर छापून घ्यायच्या. गेम बनवणारी कंपनी दर तीन-चार महिन्यांनी काय काय बदललं याची लांबलचक यादी काढते. आम्ही बाकीचे ती मोबाईलवर वरवर चाळतो, आपल्या कामाचं तेवढं बघतो. सिस्टर मात्र श्रीरामपुरातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात यायच्या, तीस-तीस पानं छापायला लावायच्या आणि तिथंच स्टुलावर बसून लाल पेनाने खुणा करत वाचायच्या. मधेच मान वर करून म्हणायच्या, "हे बघ, इथं लपवलंय." माझं गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, पण त्या ओळीत काय लपवलंय हे मला नीट समजेपर्यंत सुटका नसायची.

त्या राहायच्या बेलापूरला. दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, लग्न केलं नव्हतं, निवृत्तीनंतर एकट्याच होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन आल्या. गेम मधेच अडकतो म्हणाल्या. मी डबा उघडत सहज विचारलं, "नातवाचा का?"

"नातू न्हाई मला. माझाच हाय," त्या म्हणाल्या. "भाचा दुबईला जाताना ठेवून गेला. गेमपन त्यानंच लावून दिला. तो सुटला, मी अडकले."

गेम कोणता ते बघून मी चकितच झालो, कारण तोच मीही खेळत होतो. राक्षस मारत, हत्यारं गोळा करत पुढं जायचा गेम. त्याची गोष्ट आठवडाभरात संपते, आणि मग ज्याला एंडगेम म्हणतात तो खरा भाग सुरू होतो. त्याच गुहा, तेच राक्षस, पण दर पायरीला अधिक कठीण, आणि सगळ्यात वर एक राणी. तिला आम्ही राखराणी म्हणायचो. तिथवर पोहोचायचं तर आपल्या पात्राला कोणत्या विद्या शिकवायच्या, हातात काय द्यायचं, अंगावर काय चढवायचं याचा मेळ जमवावा लागतो. त्या मेळाला बिल्ड म्हणतात. माझ्यासारखे लोक इंटरनेटवरून कुणाचं तरी तयार बिल्ड उचलतात. सिस्टरांना ते बिलकूल खपायचं नाही.

"त्याची चिठ्ठी त्याच्या पेशंटसाठी," त्या म्हणायच्या. "माझा पेशंट वेगळा."

त्यांच्या वहीत उभे रकाने आखलेले असायचे: तारीख, काय बदललं, काय फरक पडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा नियम. "दोन औषधं एकदम बदलली, तर गुण कशाचा आला ते कसं कळनार?" एका अंगठीचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला त्यांनी मला सोबत घेऊन एकच गुहा चाळीस वेळा खेळायला लावली होती. विसाव्या वेळी मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, कळलं की आता. काही फरक नाही." त्या म्हणाल्या, "तुला कंटाळा आला म्हणून तुला कळलं." शेवटी फरक निघाला, थोडासा. मला तर त्याचाही राग आला.

त्यांचा पेशंट वेगळा होता म्हणजे काय, हे मला उशिरा समजलं. संधिवाताने त्यांच्या डाव्या हाताची बोटं वाकली होती. दवाखान्यातली शेवटची दोन वर्षं त्यांनी सुई देण्याचं काम फक्त उजव्या हातावर भागवलं होतं. या गेममध्ये उजव्या हाताने माऊस चालवायचा आणि डाव्या हाताने चार-पाच बटणं सतत दाबायची असतात. सिस्टरांना डाव्या हाताचं एक बटण जमायचं, तेही सावकाश. म्हणून त्यांनी सांगाड्यांचं बिल्ड बांधलं. एकदा मंत्र टाकला की जमिनीतून दहा सांगाडे उठायचे आणि आपले आपण लढायचे. सिस्टरांनी फक्त मागे उभं राहायचं आणि मार चुकवत फिरायचं. त्या त्यांना पोरं म्हणायच्या. "पोरं कामावर गेली," असं माऊस हलवत शांतपणे सांगायच्या.

इंटरनेटवरच्या जाणकारांनी सांगाडे एंडगेमला कुचकामी ठरवले होते. सिस्टरांनी सात महिने घेतले. कोणत्या ढालीने सांगाड्यांचं आयुष्य वाढतं, कोणत्या टोपाने ते लवकर उठतात, सगळं एकेक करून तपासलं. एका रविवारी चर्चहून परस्पर दुकानात आल्या, माझ्याच कॉम्प्युटरवर बसल्या आणि एका हाताने राखराणी पाडली. मी टाळ्या वाजवायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "डिस्चार्ज. आता चहा सांग." पण चहा पिताना त्यांनी चष्मा दोनदा काढून पुसला.

त्यानंतरचं अपडेट फार गाजावाजा करून आलं. एंडगेममध्ये नवी जान ओतणार, अशी जाहिरात होती. सिस्टरांनी पानं छापून घेतली, नेहमीसारख्या बसल्या. सतराव्या पानावर त्यांचा पेन थांबला. सांगाडे यापुढे आज्ञेशिवाय वार करणार नाहीत, एवढीच ओळ होती. प्रत्येक वाराला वेगळं बटण. खाली कारण दिलं होतं, खेळाडूचा सहभाग वाढावा म्हणून.

सिस्टरांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "सहभाग म्हंजे यातली कोनती बोटं?"

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मी ते इंग्रजीत करून पाठवलं. उत्तर लगेच आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आलं, शब्दसुद्धा न बदलता. खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, तर कुणीतरी म्हणालं, जमत नसेल तर सोपा गेम खेळा. मी चिडून भांडायला बसलो. सिस्टर मला म्हणाल्या, "ते राहू दे. काट्यांचं चिलखत बघू." म्हणजे शत्रूने मारलं की मार त्यालाच लागणार, आपण काही दाबायचं नाही. त्या परत वहीला लागल्या. तीन महिन्यांनी ते कुठं उभं राहतंय असं वाटत होतं, तेवढ्यात पुढच्या अपडेटने काट्यांचा मार निम्म्यावर आणला.

मला ते बघवेना. मी त्यांच्यासाठी पायाने दाबायचं एक बटण आणलं, शिलाई मशीनच्या पेडलसारखं. नुसतं तेवढ्याने भागेना, कारण आज्ञा तीन होत्या. मग मी कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकला. पाय एकदा दाबला की तिन्ही आज्ञा ओळीने सुटायच्या. बेलापूरला जाऊन मी ते बसवून दिलं. सिस्टरांनी पाय ठेवून बघितला. पोरं धावत सुटली. मग त्या थांबल्या.

"हे नियमात बसतं का?"

"बसतं की," मी म्हणालो.

पंधरा दिवस त्या खूश होत्या. सोळाव्या दिवशी त्यांचं खातं बंद झालं. एका दाबात अनेक कामं करणारा प्रोग्राम वापरला, ही फसवणूक आहे, असा संदेश होता. आठ पात्रं, अडीच वर्षांची हत्यारं, राखराणीची ती जीत, सगळं गेलं. मी अर्ज केला, दवाखान्याचे कागद जोडले, चूक माझी आहे असं लिहिलं. पाच वेळा लिहिलं. निर्णय अंतिम आहे, असं पाचही वेळा आलं. माणूस वाचत असता तर भांडता तरी आलं असतं. मी कीबोर्ड आपटला, त्याची दोन बटणं निखळली.

सिस्टर दुकानात आल्या तेव्हा मी कंपनीला शिव्या घालायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो नियम तू वाचला हुता का?"

"नाही."

"मग बसतं, असं कसं म्हनालास?"

तुमचं भलं व्हावं म्हणून, असं काहीतरी तोंडात आलं होतं, ते मी गिळलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात नव्या नर्सला विचारत असतील तसाच होता. "न्हाई माहीत, एवढं म्हनला असतास तर मी वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "मला वाचायचा कंटाळा कधी हुता?"

त्यांनी नवं खातं काढलं, पहिल्या पायरीपासून. पायाचं बटण परत केलं. मी सोबत खेळू का विचारलं, तर नको म्हणाल्या. दुकानात येणं कमी झालं. पुढे उजव्या हाताची बोटंही धरायला लागली आणि त्यांची भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघायच्या दिवशी मी श्रीरामपूरच्या स्टँडवर गेलो. मी म्हणालो, "सिस्टर, राग आहे का अजून?"

"राग त्या लोकांवर हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर भरवसा हुता." एवढं बोलून त्या एसटीत चढल्या. खिडकीतून हात केला त्यांनी, पण मला ते 'हुता' अजून टोचतं.

गेम मी सोडला. नवं अपडेट आल्याची सूचना मोबाईलवर येते, तेव्हा कपाळावर आठी येते आणि मी ती सूचना पुसून टाकतो. दुकान मात्र चालूच आहे. गेल्या आठवड्यात एक बाई मुलीचा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आल्या. आत तिच्या अभ्यासाचं सगळं होतं. "परत मिळेल ना हो सगळं?" त्यांनी विचारलं. पूर्वी मी डोळे मिटून हो म्हणालो असतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "उघडून बघतो, मग सांगतो."

बाईंचा चेहरा पडला. समोरच्या दुकानदाराने नुसतं ऐकूनच हो सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप उचलून तिकडे गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही.