त्रिशलाला झेपत होतं

अन्याय त्रिशला चौगुलेवर झाला आहे. ज्या गाडीनं तिला उडवलं त्या गाडीवाल्याचं काय करायचं ते तिकडचं कोर्ट बघेल, मी त्याबद्दल लिहीत नाही. मी लिहितेय तो अन्याय तिच्या दहनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. इस्लामपूरच्या अलीकडच्या तिच्या गावात, तिच्याच घराच्या सोप्यात, शेजारणीनं करून आणलेला चहा फिरत असताना. दुखवट्याला आलेल्या एका पाव्हण्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "पोरीला झेपलं न्हाई तिकडचं." शेजारच्यानं मान हलवली. पलीकडच्यानं "लय ताण असतोय म्हणं" अशी भर घातली. बश्या खाली ठेवेपर्यंत एका अपघाताची आत्महत्या झालेली होती, आणि तो शब्द कुणी तोंडातून काढलासुद्धा नव्हता.

तेव्हा आधी काय घडलं ते सरळ सांगते. त्रिशला इंग्लंडात एमबीए करायला गेली होती. पाचवा आठवडा चालू होता. संध्याकाळी ग्रुपचं काम संपवून ती परत निघाली, पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होता, ती रस्ता ओलांडत होती आणि एक मालाची गाडी सिग्नल तोडून आली. सोबत तिच्या ग्रुपमधला इमेका होता, नायजेरियाचा. त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं. एवढंच. यात न झेपण्यासारखं काय आहे? झेपला नसेल तर त्या ड्रायव्हरला सिग्नल झेपला नाही.

मला कळलं तेव्हा मी कराडच्या स्टँडवर उंब्रजच्या गाडीची वाट बघत होते. तिच्या धाकट्या बहिणीचा, अनुजाचा फोन आला. "ताई, अक्का गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेली?" ...माणूस काय मूर्खासारखं विचारतो अशा वेळी!

सांगलीच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. मी उंब्रजची, फौजीची मुलगी, तोंडाळ. ती जैन शेतकऱ्याची, मोजकं बोलणारी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागायला लावणारी. गावाकडं जाणारी संध्याकाळची एसटी बंद झाली तेव्हा आम्ही दोघींनी पत्रकं काढली. मी लिहायचे, ती खोडायची. "हे 'झोपलेलं प्रशासन' काढ गं. झोपलेलं न्हाई त्ये, जागं हाय आणि ऐकंना झालंय," म्हणायची. आगार प्रमुखानं "मुलींनी लवकर घरी जावं" असा सल्ला दिला, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "व्हय सर, पण कशानं?" गाडी सुरू झाली. पुढं साताऱ्याच्या एका कारखान्यात तिनं खरेदी विभागात काम केलं, आणि एक दिवस मला म्हणाली, "मला ह्या धंद्याचं शास्त्र शिकायचंय. जिथं ते लिहितात तिथं जाऊन." भावकीत सगळे नको म्हणाले. तिचे वडील अण्णा एकटे हो म्हणाले.

आता ते पाच आठवडे. मी तिचे आवाजी निरोप पुन्हा ऐकलेत, म्हणून छातीठोक लिहितेय. होय, ती पहिल्या आठवड्यात रडली. मग? शेतात पहिल्यांदा पाणी धरायला गेलेला माणूससुद्धा चिखलात बसतो. एका रात्रीत वाचायला चार-चार धंद्यांच्या कहाण्या, सकाळी वर्गात त्यावर तोंड उघडायचं, आणि उघडलं तर मार्क. "इथं बोलण्याला मार्क आहेत, बये. तू पाहिजे होतीस, पहिली आली असतीस," ती म्हणाली. ग्रुपमधले पाचजण एकमेकांचं वाक्य तोडून बोलायचे, हिची पाळी यायच्या आत बैठक संपायची. संध्याकाळी ओळखी वाढवायचे कार्यक्रम. हातात ग्लास घेऊन उभ्यानं हसायचं, नाव सांगायचं, पुढच्या माणसाकडं सरकायचं. "आपल्याकडं लग्नात वरमाईला पण एवढं हसावं लागत न्हाई," हे तिचं म्हणणं.

आणि मग ते 'हाय'. पहिल्याच दिवशी प्राध्यापक नावं वाचत होते. तिच्या नावाचं काय ते मातेरं करून त्यांनी विचारलं, त्रिशला आहे का? हिचं लक्ष पुस्तकात. तोंडातून गावचं उत्तर निघालं, "हाय!" प्राध्यापकांनीही हात हलवून तिला "हाय" केलं. मागून कुणीतरी "हाय" केलं, मग सगळ्या वर्गानं. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. मला फोन करून सांगितलं आणि मी इकडं पोट धरून हसले. "हस, हस भवाने," ती म्हणाली, "तुला काय जातंय!" पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली, मुद्दाम. वर्ग पुन्हा हसला. तेव्हा उभं राहून तिनं त्यांना समजावलं, की मी तुम्हाला नमस्कार करत नाही. आमच्या सांगली-साताऱ्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे'. मी आहे, एवढं कळवतेय. त्यानंतर कुणी हसलं नाही. इमेका तर हजेरीला स्वतःही "हाय" म्हणायला लागला, आणि तोही आपल्या सांगली-साताऱ्याच्या अर्थानं.

दुसऱ्या आठवड्यात वाटाघाटींचा सराव होता. दोघांनी समोरासमोर बसून सौदा करायचा. हिच्यासमोरचा गडी बोलबोल बोलला. ही गप्प. अण्णा बेदाण्याच्या सौद्याला जसे टोपी सारखी करत गप्प बसतात, तशी. समोरच्याला ती शांतता सोसवेना, तो आपणच आपला भाव खाली आणत गेला. "टोपी तेवढी नव्हती माझ्याकडं," ती म्हणाली, "न्हाईतर अजून उतरला असता."

सगळ्यात मोठी लढाई जेवणाची होती. त्यांच्या घरात दिवसाउजेडी जेवतात, सूर्य मावळल्यावर तोंडात घास नाही. सप्टेंबरात तिकडं उशिरापर्यंत उजेड, म्हणून चाललं. मग दिवस आखडायला लागले आणि ग्रुपच्या बैठका नेमक्या तिच्या जेवणावर यायला लागल्या. दोन-तीनदा ती उपाशी झोपली. अण्णा रोज फोन करून विचारायचे, "दिवस मावळला का तिकडं? जेवलीस का?" ती म्हणायची, "अण्णा, हितं सूर्य दिसतच न्हाई, मावळला कवा कुणाला ठावं!" आणि बापलेक हसायचे. पण चौथ्या आठवड्यात तिनं ग्रुपला सांगून टाकलं, की बैठक माझ्या जेवणानंतर सुरू होईल. कारण विचारलं, तिनं सांगितलं. कुरकुर झाली. ही हटली नाही. मग ते पाचही जण उजेड असतानाच आपापले डबे घेऊन यायला लागले आणि हिच्या मेतकुटाला चटावले.

त्याच आठवड्यातला तिचा निरोप माझ्याकडं आहे. बाहेर वारा आहे, ती चालता चालता बोलतेय, धाप लागलीय. ग्रुपनं मोठ्या सादरीकरणासाठी हिलाच उभं करायचं ठरवलं होतं. ती म्हणते, "आधी मला ही लोकं झेपत नव्हती, बये. आता मी त्यांना झेपत न्हाई!" आणि हसते... ते हसणं ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी तिच्या मनाचं निदान केलं.

गेल्या रविवारी मी पुन्हा तिच्या घरी गेले. अण्णा सोप्यातल्या बाकावर होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "खरं सांग, पोरी. तिला झेपत नव्हतं काय? मला बरं वाटावं म्हणून हसायची काय ती?" मुलगी गेली त्याचं दुःख त्या माणसानं उभ्यानं सोसलं होतं. या वाक्यानं त्याला बसवलं. मी तो निरोप ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला. मग म्हणाले, "व्हय, पण सगळीच म्हणत्यात..." त्याआधी इमेकाचा फोन येऊन गेला होता. त्यानं अनुजाला इंग्रजीत सगळं सांगितलं आणि शेवटी अण्णांना मराठीत दोन शब्द म्हणाला, "त्रिशला हाय." अण्णांना वाटलं तो नमस्कार करतोय. त्यांनी हात जोडले. अनुजानं अर्थ सांगितला तेव्हा फोन बंद झालेला होता.

आणि अनुजा. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुखवट्याला आली ती परत गेलेली नाही. तिची पुस्तकं पुण्याच्या खोलीत, ती इथं. परीक्षा तोंडावर आली आहे, बसली नाही तर वर्ष गेलं. भावकी म्हणते, "थोरलीला झेपलं न्हाई, धाकटीला कशाला पाठवताय?" ज्या अण्णांनी सगळ्या गावाविरुद्ध एकीला साता समुद्रापार पाठवलं, ते आता दुसरीला पुण्याला पाठवायला घाबरतात. हे तुमच्या त्या चार शब्दांचं काम आहे. उपदेश तुम्ही चहाबरोबर करून गेलात, वर्ष त्या पोरीचं चाललंय.

अण्णांची एक सवय मात्र मोडलेली नाही. उजेड असतानाच जेवण उरकतात, हात धुतात, आणि रात्री तिला फोन करायची वेळ झाली की मोबाइल खिशातून काढून मांडीवर ठेवतात. थोड्या वेळानं परत खिशात घालतात.

ज्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्यांनी मान हलवली, ज्यांनी ते पुढच्या गावाला पोचवलं, त्या सगळ्यांना माझी मागणी आहे. मला कळवू नका, वर्तमानपत्राला पत्र लिहू नका. त्याच सोप्यात जा. अण्णांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणा की आम्ही चुकीचं बोललो, पोरीला झेपत होतं, गाडीनं मारलं तिला. मग अनुजाला हाक मारा, तिला तुमच्याच गाडीत बसवा आणि परीक्षेच्या आत पुण्याला सोडून या.